सुजलेला हात आणि अंगावर उठलेलं पित्त

सातारा जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या यजमानांनी खादी ग्रामोद्योग मंडळाच्या योजनेतून सातेरी मधमाश्यांच्या पेट्या घेतल्या आहेत आणि त्या घरामागे परसात ठेवल्या आहेत. महिन्यापूर्वी त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाला मनगटावर माशी चावली. सासूबाईंनी लोखंडाचा खिळा घासला, वर चुना लावला. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला, लाल आणि गरम झाला. सूज उतरायला आठवडा गेला. शेजारपाजारचे म्हणाले, "याला मधमाशीची अ‍ॅलर्जी आहे, पुढच्या वेळी जिवावर बेतेल." तेव्हापासून मुलाला परसात जायला बंदी आहे. पुढच्या महिन्यात शाळेची सहल किल्ल्यावर जाणार आहे, तिथंही त्याला पाठवायचं नाही असं ताईंनी ठरवलं आहे. पेट्या विकून टाका म्हणून त्यांनी यजमानांच्या मागे धोशा लावला आहे. यजमान ऐकत नाहीत, आणि घरात रोज वाद होतात.

पत्राच्या शेवटी जाता जाता त्या लिहितात: "तशा माश्या घरात सगळ्यांनाच चावतात. दिवाळीच्या सुमारास पेट्यांजवळचं गवत काढताना अण्णांच्या (सासरे, वय ६४) मानेला एक चावली. दहा मिनिटांत त्यांच्या अंगभर पित्त उठलं, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. सकाळपासून उपाशी होते. आमसुलाचं पाणी लावलं, पडून राहिले, तासा-दीड तासानं बरे झाले. त्यांना बीपीची गोळी चालू आहे." त्यांचा प्रश्न एवढाच आहे: मुलासाठी पेट्या काढून टाकणं योग्य ना?

ताई,

मुलाबद्दल तुम्ही दोन पानं लिहिलीत आणि अण्णांबद्दल चार-पाच ओळी. मला काळजी वाटली ती त्या ओळी वाचून. म्हणून तुमच्या प्रश्नाकडे मी जरा वळसा घालून येते.

माशी चावली की त्या जागी दुखतं, लाल होतं, सूज येते. विषाचं कामच ते आहे. काही जणांची सूज मात्र फार वाढते. चावा मनगटाला आणि सूज कोपरापर्यंत, चावा घोट्याला आणि सूज पोटरीपर्यंत. ही सूज लगेच येत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती सगळ्यात जास्त असते आणि उतरायला पाच ते दहा दिवस घेते. तुमच्या मुलाचं अगदी असंच झालं. हीसुद्धा अ‍ॅलर्जीचीच एक तऱ्हा आहे, शेजारी त्याबाबत खोटं बोलले नाहीत. पण ती चावलेल्या जागेला धरून राहते. अशा माणसाला पुढच्या चाव्याला सगळ्या अंगाची प्रतिक्रिया येण्याची शक्यता शंभरात साधारण पाच ते दहा इतकीच असते, आणि आली तरी ती बहुतेक वेळा सौम्य असते. पुढच्या वेळी त्याचा हात पुन्हा असाच सुजेल, हे मात्र गृहीत धरा. त्यानं घाबरून जाऊ नका.

आता अण्णांकडे पाहा. माशी चावली मानेला, आणि पित्त उठलं अंगभर. पोटात ढवळून उलटी झाली. अंधारी आली, म्हणजे रक्तदाब खाली गेला असणार. कातडी, पोट आणि रक्ताभिसरण, तिन्ही ठिकाणी एकाच वेळी गडबड झाली आणि तीही चावल्यावर दहा मिनिटांत. उपाशीपोटी उन्हात काम केल्यानं चक्कर येते, मान्य. पण त्यानं अंगभर चट्टे उठत नाहीत. ज्या प्रतिक्रियेला डॉक्टर अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात, तिचंच हे वर्णन आहे. जिवावर बेतण्याची जी भीती तुम्ही मुलाच्या बाबतीत बाळगून आहात, तो प्रसंग घरात येऊन गेला आहे. तो अण्णांवर आला, आणि सुदैवानं टळला.

तुमच्याकडून दुर्लक्ष झालं असं मला म्हणायचं नाही. सुजलेला हात आठवडाभर डोळ्यांसमोर असतो. अण्णांचं सगळं दीड तासात आटोपलं, संध्याकाळी ते जेवले असतील, दुसऱ्या दिवशी कामाला लागले असतील. त्यात अंगावर पित्त उठणं आपल्याकडे नवं नाही, आणि त्यावर आमसुलाचं पाणी हा ठरलेला उपाय आहे. त्या पाण्यानं खाज शमली असेल. पण रक्तदाब सावरला तो त्यांच्या शरीरानं स्वतः, आणि शरीर प्रत्येक वेळी तो सावरेलच असं नाही. अशी प्रतिक्रिया एकदा येऊन गेलेल्या मोठ्या माणसाला पुन्हा माशी चावली, तर ती परत येण्याची शक्यता शंभरात तीस ते साठ धरतात. पुढची प्रतिक्रिया पहिल्याहून जोराची असेल की सौम्य, हे आधी कुणालाच सांगता येत नाही.

अण्णा म्हणतील, "आजवर कितीदा चावल्या, काही झालं नाही." पुष्कळ घरांत हेच ऐकू येतं आणि त्यावरच सगळे निर्धास्त असतात. मधमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी पहिल्या चाव्याला सहसा दिसत नाही. आधीच्या चाव्यांनी शरीर त्या विषाविरुद्ध तयार होतं आणि मग एखाद्या चाव्याला उसळतं. वयाच्या कुठल्याही टप्प्यावर हे सुरू होऊ शकतं. आधीचे चावे निभावले म्हणून पुढचा निभावेल, याची खात्री त्यातून मिळत नाही.

म्हणून आधी अण्णांचं काम करा. जांभूळ-हिरड्याच्या मधाचा हंगाम तोंडावर आहे, पेट्यांशी वावर वाढेल. त्याआधीच त्यांना चांगल्या फिजिशियनकडे किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी अ‍ॅलर्जी तज्ज्ञ असतील तर त्यांच्याकडे न्या. कुठे चावली, किती मिनिटांनी काय काय झालं, हे कागदावर लिहून न्या, कारण डॉक्टरांसमोर बसल्यावर "तसं काही नाही हो, थोडं पित्त झालं" असं अण्णाच म्हणतील. सोबत बीपीच्या गोळ्यांची पट्टी न्या. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल या जातीच्या गोळ्या घेणाऱ्याला अशी प्रतिक्रिया आली तर तिच्यावरच्या मुख्य औषधाचा, अ‍ॅड्रेनलिनचा, परिणाम कमी पडू शकतो. गोळी बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील. घरच्या घरी ती बंद मात्र करू नका, त्याचा धोका वेगळाच आहे. रक्ताची किंवा कातडीची चाचणी करून मधमाशीच्या विषाची अ‍ॅलर्जी पक्की करता येते. ती निघाली तर विषाचे अगदी सूक्ष्म डोस वाढवत नेण्याची उपचारपद्धती आहे. ती तीन ते पाच वर्षं चालते आणि बहुतेकांना पुढच्या गंभीर प्रतिक्रियेपासून वाचवते. आपल्याकडे ती सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात चौकशी करावी लागेल. तोपर्यंत अण्णांनी पेट्यांजवळ जायचं नाही. गवत दुसऱ्या कुणीतरी काढावं.

आता खिळा आणि चुना. सासूबाईंनी मायेनं केलं, पण त्यात हातची वेळ गेली. मधमाशीच्या नांगीला उलटे दाते असतात. कातडीत घुसल्यावर ती निघत नाही. माशी उडून जाते आणि नांगी विषाच्या पिशवीसकट आपल्या अंगात राहते. नीट पाहिलंत तर चाव्याच्या जागी तपकिरी काट्याच्या टोकाशी पांढुरकी, मोहरीपेक्षाही लहान पिशवी दिसेल. माशी गेली तरी ती आकसत-फुगत विष आत ढकलत असते, आणि बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच आत जातं. म्हणून खिळा शोधायला घरात धावण्याऐवजी, असाल तिथेच तो काटा काढायचा. चिमटीत धरू नका, पिशवी दाबली जाते, नखानं खरवडूनच काढा, असं पूर्वी आम्हीही शिकलो होतो. १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात यावर एक प्रयोग छापून आला. काटा कसा काढला यानं सुजेत फरक पडला नाही, तो किती उशिरा काढला यानं पडला. नखानं काढा, चिमटीनं काढा, पदरानं पुसून काढा, पण लगेच काढा. आणि काढता काढताच तिथून लांब व्हा. चावताना माशी एक गंध सोडते, पिकल्या केळ्यासारखा, आणि त्या गंधानं बाकीच्या माश्या त्याच जागेवर येतात.

गांधीलमाशीची गोष्ट वेगळी. तिचा काटा अंगात राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. तिथं काटा शोधत बसू नका.

मग साबण-पाण्यानं धुवा. कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा गार पाण्याची घडी दहा मिनिटं ठेवा. हात असेल तर अंगठी, बांगड्या, कडं लगेच काढा. लहान मुलांच्या मनगटात काळा दोरा असतो, तो आठवणीनं कापा. सूज चढली की तो मांसात रुततो आणि मग कात्रीचं टोकही खाली जात नाही. खाज फार असेल तर सेटिरिझिन, दुखत असेल तर पॅरासिटामॉल. मुलांना वजनाप्रमाणे, डॉक्टरांना विचारून. चुना लावू नका, त्यानं कातडी भाजते. मधमाशीचं विष आम्लासारखं असतं आणि चुन्यानं ते मरतं, असा समज आहे. पण विष कातडीच्या खाली गेलेलं असतं, वरून लावलेलं तिथवर पोचत नाही. तंबाखू, रॉकेल, माती यांनी जखम दूषित होण्यापलीकडे काही होत नाही. लोखंड घासल्यानं गार वाटतं, एवढंच. सासूबाईंना त्यांच्या हातचं काम द्या: काटा काढून झाल्यावर बर्फ धरायचा आणि नातवाकडे तासभर लक्ष ठेवायचं. हे काम खिळ्याहून मोलाचं आहे.

दुसऱ्या दिवशीची लाल, गरम सूज पाहून पुष्कळ जण प्रतिजैविकं सुरू करतात. त्यांची सहसा गरज नसते. तीन-चार दिवसांनंतर दुखणं उतरण्याऐवजी वाढलं, ताप आला किंवा पू दिसला, तर मात्र दाखवा. डोळ्याच्या बुबुळावर चावा बसला तर घरी काहीही काढायला जाऊ नका, सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तोंडात किंवा घशात चावली असेल, तर अ‍ॅलर्जी नसतानाही सुजेनं श्वास अडू शकतो. तेव्हा वाट पाहू नका, निघा.

त्या तासाभरात लक्ष कशावर ठेवायचं? सुजेवर नाही. चावलेली जागा सोडून बाकीच्या अंगात काही होतंय का, ते पाहायचं. अंगभर चट्टे आणि खाज, तळवे किंवा टाळू खाजणं, ओठ-पापण्या-जीभ सुजणं. आवाज घोगरा होणं, घशात काही अडकल्यासारखं वाटणं, छातीत घरघर, धाप. पोटात कळा, उलटी, जुलाब. चेहरा पांढरा पडणं, घाम, चक्कर, शुद्ध हरपणं. काही जण नुसतं "मला कसंतरीच होतंय, मी आता जगत नाही" असं म्हणतात. तेही गंभीरपणे घ्या. लहान मूल सांगू शकत नाही, ते एकाएकी मलूल होतं. बहुतेक वेळा हे पाच मिनिटांपासून तासाभरात सुरू होतं. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा: काही जणांना अंगावर एकही चट्टा उठत नाही, एकदम रक्तदाब कोसळतो. म्हणून चट्टे नाहीत तर अ‍ॅलर्जी नाही, असं समजू नका.

नुसते चार चट्टे असतील तर दवाखान्याजवळ राहून नजर ठेवता येईल. पण श्वास, आवाज, चक्कर यांतलं काहीही दिसलं, किंवा चट्ट्यांबरोबर उलटी आली, तर १०८ ला फोन करा आणि माणसाला आडवं झोपवा, पाय उशीवर किंवा पोत्यावर उंच ठेवा. धाप लागली असेल तर टेकून बसू द्या, पाय लांब सोडून. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. उलटी होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी, सरबत, गोळी काहीही घालू नका.

डोंगरातल्या वाचकांना मला कळकळीनं सांगायचंय ते इथं. रुग्णवाहिका यायला वेळ लागतो, म्हणून आपण माणसाला दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवतो आणि निघतो. रक्तदाब कोसळलेल्या माणसाला एकदम उभं केलं, चालवलं किंवा असं बसवून नेलं, तर हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं आणि हृदय तिथल्या तिथे बंद पडू शकतं. अंगणातून गाडीपर्यंतसुद्धा चालवू नका. गावातली जीप बोलवा, मागच्या सीटवर आडवं न्या. गाडी कुणाकुणाकडे आहे, रात्री कुणाला उठवायचं, हे आजच ठरवून नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

या प्रतिक्रियेवरचं पहिलं औषध एकच, अ‍ॅड्रेनलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत देतात. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅमपर्यंत, मुलाला किलोमागे एक शतांश मिलिग्रॅम. पाचेक मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा देता येतं. स्वस्त इंजेक्शन आहे, सरकारी आरोग्य केंद्रात असायलाच हवं. एव्हिल आणि स्टिरॉइड देऊन घरी पाठवलं की आपल्याला उपचार झाल्यासारखं वाटतं. एव्हिलनं खाज आणि चट्टे जातात. बंद होणारा घसा त्यानं उघडत नाही, पडलेला रक्तदाब चढत नाही. स्टिरॉइडचा परिणाम व्हायला काही तास लागतात. दवाखान्यात पोचल्या पोचल्या एवढंच बोला: "मधमाशी चावली आहे, इतकी मिनिटं झाली, श्वास लागतोय, चक्कर येतेय, अ‍ॅनाफिलॅक्सिस वाटतंय, अ‍ॅड्रेनलिन द्या." डॉक्टरांना शिकवण्याचा प्रश्न नाही. रात्रीच्या गडबडीत स्पष्ट सांगणाऱ्या नातेवाइकाची त्यांनाही मदत होते. बरं वाटलं तरी निदान सहा तास, प्रतिक्रिया जोराची असेल तर रात्रभर तिथेच थांबा. ओसरलेली प्रतिक्रिया काही तासांनी पुन्हा उलटू शकते.

परदेशात असे रुग्ण खिशात अ‍ॅड्रेनलिनचं तयार पेन बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही. काही डॉक्टर घरच्यांना औषधाची काचेची कुपी (अँप्यूल) आणि सिरिंज वापरायला शिकवतात आणि डोस लिहून देतात. अण्णांच्या डॉक्टरांना हे जरूर विचारा. त्यांनी शिकवल्याशिवाय मात्र दुकानातून आणून ठेवू नका. आणि या आठवड्यात एकदा वेळ काढून तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, अ‍ॅड्रेनलिन शिल्लक असतं का आणि रात्री कोण असतं, ते विचारून या. केंद्रात नसेल तर ग्रामीण रुग्णालय किती लांब, हे आधीच माहीत असलेलं बरं.

मुलाच्या सहलीबद्दल. त्याला पाठवा. किल्ल्यावरचा धोका त्याच्या सुजऱ्या हातामुळे नाही, कड्याला लटकलेल्या आग्या मोहोळामुळे आहे, आणि तो सगळ्याच मुलांना सारखा आहे. शिक्षकांशी बोला. वर चूल पेटवायची नाही, दगड मारायचे नाहीत, मोहोळ दिसलं की आरडाओरडा न करता वाट बदलायची, अत्तर फवारायचं नाही. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-डोकं कपड्यानं झाकून, पायाखाली बघत दूर जायचं, कड्याकडे धावायचं नाही, बंद खोली किंवा बस मिळाली की आत शिरायचं. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, माश्या वर थांबतात. पुष्कळ चावे बसले असतील, मोठ्या माणसाला पन्नासच्या वर किंवा लहान मुलाला त्याहून बरेच कमी, तर अ‍ॅलर्जी असो-नसो, दवाखान्यात भरती व्हायचं. इतक्या विषानं स्नायू आणि मूत्रपिंडांना इजा होते आणि ती दोन-तीन दिवसांनी दिसते. लघवी चहासारखी गडद झाली किंवा कमी झाली तर तासभरही थांबायचं नाही. तुमच्या मुलाच्या दप्तरात सेटिरिझिन आणि त्याला मोठी सूज येते अशी चिठ्ठी असू द्या, बस.

आणि पेट्या. मुलासाठी त्या विकण्याचं कारण मला दिसत नाही. अण्णांसाठी त्या घरामागून हलवण्याचं कारण आहे. त्यांची अ‍ॅलर्जी पक्की ठरली, उपचार मिळत नसतील आणि पेट्या घराला लागूनच राहणार असतील, तर यजमानांना समजावायला मीही तुमच्या बाजूनं उभी राहीन. पण आधी हलवून पाहा. पेट्या काढल्या तरी रानातल्या माश्या आणि पडवीतल्या गांधीलमाश्या जाणार नाहीत, हेही त्या वादात दोघांनी लक्षात घ्या. अण्णांच्या बाबतीतली सगळी तयारी पेट्या असल्या-नसल्या तरी करावीच लागेल. यजमानांशी बोलताना मुलाचा हात पुढे करू नका, दिवाळीतल्या त्या दीड तासाबद्दल बोला; वडिलांचं त्यांना पटेल. पेट्या परसातून शेताच्या बांधापलीकडे नेता येतील, मात्र थोड्याच अंतरावर नेल्या तर माश्या जुन्या जागी परत येऊन घोंगावतात, आणि ते तर अण्णांच्या दारातच होईल. किती लांब न्यायच्या, रात्री दार बंद करून कशा उचलायच्या, हे महाबळेश्वरच्या मध संचालनालयातल्या प्रशिक्षकांना विचारून, हंगाम सुरू होण्याआधी करा. हलवण्याच्या रात्री आणि पुढचे चार-पाच दिवस अण्णांना तुमच्या नणंदेकडे किंवा कुणा नातेवाइकांकडे पाठवून द्या.